काकडीची चकती

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

ढेऱ्या उलटा तरंगतोय. मेलेला नाही, कल्ले हलतात, पण सकाळपासून पोट वर करून फिल्टरच्या धारेबरोबर वाहत जातो आणि कोपऱ्यात अडकतो. मी बोटानं सुलट करते, तो पुन्हा उलटतो. तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही, म्हणून मावशीकडून पत्ता घेतला. तिच्यावर चिडू नकोस. फक्त माशांबद्दल विचारायचंय असं मी तिला सांगितलं, आणि ते खरंच आहे.

मासेवाले काका अजून त्याच दुकानात आहेत. माझं सगळं ऐकून म्हणाले, "फार चारलंय. पोट फुगलं की गोल्डफिशचा तोल जातो. एक-दोन दिवस काही देऊ नका, मग उकडलेला मटार द्या. वरचं साल काढून, बोटानं चुरडून. मीठ नाही, तेल नाही. कालची उरलेली भाजी तर नाहीच नाही. हसू नका, एका बाईंनी घातली होती."

मी हसलेच नव्हते. ताई, मी आहारशास्त्राची पदवी घेतली. रुग्णालयातल्या सगळ्या वॉर्डांत कुणाच्या ताटात काय जाणार ते मी ठरवते, आणि घरातल्या एका माशाचं पोट मला सांभाळता आलं नाही. आमच्या आचारीकाकांकडे मूठभर मटार मागितले तर त्यांनी विचारलं, "मॅडम, कुठल्या वॉर्डाचा पेशंट?" मी म्हटलं, "मासा आहे." तर म्हणाले, "मग मला द्या. माझ्याकडे आला की त्याचं दुखणं कायमचं जातं." सगळं स्वयंपाकघर हसलं.

तू कधी ढेऱ्याला मटार दिला होतास का? त्याला सोसतो का? झाडूवाली छान आहे. दिवसभर टाकीची काच चाटत असते, तू ठेवलेल्या नावाला जागून.

बाबा ठीक आहेत. थोडे थकलेत. माशांना खाणं टाकताना हात जरा सैल सुटतो, एवढंच.

उत्तर दे. माशांपुरतं दिलंस तरी चालेल.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

ढेऱ्या सुलट झाला! मटारानंच झाला. आधी एक दाणा तोंडात घेऊन थुंकला, मग पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी सरळ पोहत होता, पूर्वीसारखा, पोट पुढे काढून, एखाद्या साहेबासारखा. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

आता जे मागच्या वेळी लिहिलं नाही ते लिहिते. बाबांचा हात सैल सुटत नाही. बाबा विसरतात.

ते माशांना खाणं देतात, डब्याचं झाकण लावतात, खुर्चीत बसतात, आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा देतात. मी म्हणते, "बाबा, आत्ताच दिलं ना?"

"कुणी?"

"तुम्हीच."

"मी? मी आत्ता उठतोय." आणि मग माझ्याकडे बघून, जरा आवाज चढवून, "मोठी आली की म्हणेल, माझे मासे उपाशी मारले. तिला तू सांगणार आहेस का?"

मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं, तर त्यांनी बिस्किटं चुरून टाकली. पाणी दुधासारखं झालं. एक पूर्ण सुट्टी मी पाणी बदलण्यात घालवली. ते शेजारी उभे राहून विचारत होते, "कुणी केलं हे?"

पण ताई, मला उपाय सापडला आहे, आणि तो मला कुणी शिकवलेला नाही. सुकं खाणं बोटांतून सुटतं आणि मासे ते गिळून टाकतात. दिलं की नाही याची काही खूणच उरत नाही. मग ज्याची खूण उरेल असं काही का देऊ नये? मी काकडीची जाड चकती कापली, उकळत्या पाण्यात जरा मऊ केली, गार केली आणि काचेला चिकटणाऱ्या चिमट्यात अडकवून टाकीत लटकवली. ढेऱ्या दिवसभर तिला टोचत राहतो. झाडूवाली तर तिच्यावरच झोपते. नुसत्या भाजीवर गोल्डफिश जगत नाही, म्हणून सुकं खाणं मी सकाळी चिमूटभर देते आणि डबा कामावर जाताना बरोबर नेते.

पहिल्या दिवशी मी दाराआडून बघत होते. बाबा टाकीपाशी आले. खिसे चाचपले. मग त्यांना ती हिरवी गोल चकती दिसली. "दिलंय," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा आले. पुन्हा, "दिलंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, ताई. आनंदानं. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना आता नवीन काही शिकवता येणार नाही.

हो, डॉक्टर. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुझी,
धाकटी


११ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. "काकडी सोलून, बिया काढून दे. दोन-चार तासांत बाहेर काढ, नाहीतर पाणी नासतं. लिंबू-संत्र्याच्या जातीचं काही देऊ नकोस. मी बियांच्या भोकातून चमच्याची दांडी ओवायचे. चिमटा नको, त्याच्या कडेनं शेपटी कापते." खाली "ताई" एवढंच.

बाबांबद्दल एक अक्षर नाही. माझ्याबद्दलही नाही. तरी तू ताई असं लिहिलंस, मी ते धरून बसले आहे.

बाबांना स्मृतिभ्रंश आहे. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसवून नीट समजावलं, मी तिथलीच म्हणून जरा जास्तच वेळ. म्हणाले, माणसं एकेक करून पुसट होत जातील, आधी अलीकडची, मग जुनी. त्या हिशोबानं मी आधी जाणार. जातेच आहे. परवा मी कामावरून आले, अंगावर पांढरा कोट होता, तर ते म्हणाले, "सिस्टर, आमची मोठी अजून आली नाही. तुम्ही निघालात तरी चालेल."

तू अजून पक्की आहेस, ताई. रोज विचारतात. टाकीपाशी उभे राहतात तेव्हा हमखास. मासे म्हणजे मोठी, हे त्यांच्या डोक्यात एकाच खिळ्याला टांगलेलं आहे.

म्हणून सरळच लिहिते. एकदा ये. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा मला अधिकारही नाही. आई गेली तेव्हा शाळा तुझी सुटली, माझी नाही. पुढे तुला बाहेरून परीक्षा द्यायची होती तेव्हा "मग घर कोण बघणार?" हे तुलाच ऐकावं लागलं. आणि त्या दिवशी तू बाजारातून आलीस, तर खिडकीखाली माझं नवं टेबल होतं आणि तुझी टाकी न्हाणीघराच्या बोळात. हलवायची नाही म्हणून तू बजावून गेली होतीस. बाबा म्हणाले, "मासेच तर आहेत." तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस.

त्या टेबलावर अभ्यास करून मी घरातली पहिली पदवीधर झाले. मला वाटायचं, एकदा शिकले की घरातलं जे जे चुकलंय ते सगळं मी दुरुस्त करीन. अजून वाटतं. पण हे मला एकटीला दुरुस्त करता येत नाही. त्यांनी एकदा तुला बघून "मोठी" म्हणावं आणि ते तू तुझ्या कानांनी ऐकावंस, एवढंच मला हवंय. ते तुझं आहे, ताई. थोडे दिवसच शिल्लक आहे.

ढेऱ्या मजेत आहे.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात मी झाडूवालीबद्दल काही लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती गेली. ते पत्र लिहिण्याआधीच गेली होती.

तू म्हणालीस तसं मी काकडी वेळेत बाहेर काढण्याची सोय केली. शेजारी एक काकू राहतात, तू गेल्यानंतर आल्या. दिवसा अधूनमधून येऊन बाबांकडे त्याच बघतात. जिभेला हाड नाही, पण मनानं सोनं. मला म्हणतात, "माशांना सोललेली काकडी, आणि स्वतः मात्र उभ्यानं चहा पिऊन पळतेस. मला पुढच्या जन्मी तुझ्या टाकीत घाल बाई." तर काकू दुपारी येऊन चकती काढून टाकायच्या. आणि चकती निघाली की बाबांच्या लेखी मासे उपाशी.

त्या दिवशी काकू चकती काढून गेल्या. बाबा उठले. टाकीत काही नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले, सुरी घेतली, आणि जे गोल, हिरवट दिसलं ते कापलं. सोललं, बियासुद्धा काढल्या. इतकं त्यांनी माझं बघून ठेवलं होतं, ताई. पण ती लिंबं होती. टोपलीत होती नव्हती तेवढी सगळी, नीट चकत्या करून, टाकीत.

मी आले तेव्हा झाडूवाली तळाशी होती. ढेऱ्याला मी बादलीत घेतला म्हणून तो वाचला. बाबा खुशीत होते. म्हणाले, "आज भरपूर दिलंय. मोठी आली तर खूश होईल."

त्यांना मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "हो बाबा."

झाडूवाली किती जुनी होती हे तुलाच माहीत. मी तिला कुंडीत पुरली, मातीत बोट खुपसून, आणि तुला खोटं पत्र लिहिलं. तू ढेऱ्या आणि झाडूवालीसाठी तरी येशील अशी मला आशा होती. दोनातली एक आशा मला स्वतःच्या हातानं खोडायची नव्हती.

आता पुन्हा तसं होणार नाही. मी जेवणाच्या डब्याचं एक हिरवट झाकण कापून त्याची गोल चकती केली. कडा घासून गुळगुळीत केल्या, मध्ये भोक पाडलं, पाण्यात उकळून घेतली. बाहेरून बघशील तर काकडीच. ती चिमट्यात कायमची लावून ठेवली आहे, चिमट्याच्याही कडा घासून. सडत नाही, काढावी लागत नाही. बाबा येतात, बघतात, "दिलंय" म्हणतात आणि जातात. खरी काकडी मी कामावरून आल्यावर देते, ते जेवत असताना, आणि वेळेत काढते. पाणी आरशासारखं आहे. लिंबं आणि सुऱ्या कुलपात आहेत.

अजून एक. मी टेबल काढून टाकलं आणि टाकी पुन्हा खिडकीखाली आणली. फार उशिरा, मला कळतंय.

धाकटी


६ मे

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र उत्तरासाठी नाही.

माझा उपाय फार चांगला निघाला. इतका चांगला की बाबांना आता काही करायलाच उरलेलं नाही. पहिल्या आठवड्यात ते दिवसातून कितीतरी वेळा टाकीपाशी यायचे आणि "दिलंय" म्हणायचे. मग कमी यायला लागले. जेव्हा बघावं तेव्हा दिलेलंच असेल तर माणूस कशाला उठेल? आता उठत नाहीत. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात. मी वळवते, ते परत फिरवतात.

आणि ताई, ते टाकीपाशी जायचे थांबले तसं तुझं नाव निघायचंही थांबलं. माझ्या हे लगेच लक्षात आलं नाही. घर शांत झालं याचं मला आधी बरंच वाटलं होतं. मग एक दिवस काकू म्हणाल्या, "हल्ली ते मोठीला विचारत नाहीत गं." मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

त्यांना माशांची काळजी होती म्हणून तू होतीस. मी काळजी काढून घेतली. प्लॅस्टिकच्या एका चकतीनं.

मी खोटी चकती काढून त्यांच्या हातात खरी दिली. सोललेली, बिया काढलेली. म्हटलं, "बाबा, माशांना द्यायची ना?" त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "तू जेवून घे," म्हणाले. कुणाला म्हणाले, मला माहीत नाही. मी खोटी चकती परत लावली. दुसरं काय करणार? लिंबांची भीती मला अजून वाटते.

ढेऱ्या रोज येऊन तिला तोंड लावतो. काही सुटत नाही म्हणून परत जातो. थोड्या वेळानं पुन्हा येतो. मासे विसरतात असं लोक म्हणतात, पण मला वाटतं त्याला आठवतं, म्हणूनच तो येतो.

आता तू आलीस तरी उपयोग नाही. मी तुला चांगली बातमी लिहू शकले नाही, निदान खरी लिहावी म्हणून लिहिते. येऊ नकोस. ते तुला कोण पाहिजे असं विचारतील, आणि ते ऐकायला तू एवढ्या लांबून यावंस असं मला वाटत नाही.

धाकटी


९ जून

ताई,

तू आलीस.

मी कामावर असेन अशी वेळ बघून आलीस. मला राग नाही. रुग्णालयातून आले तर टाकीत चमचा होता. दांडी काकडीच्या चकतीतून ओवलेली, चमचा तळाच्या वाळूत रुतलेला. माझी खोटी चकती चिमट्यासकट टाकीच्या झाकणावर, कोरडी पुसून ठेवलेली. तुझ्याशिवाय कुणी ती पुसून ठेवली नसती.

बाकी सगळं काकूंकडून कळलं. त्या मला जिन्यातच गाठून म्हणाल्या, "कोण गं ती? मी दार लावायला आले, तर एक बाई तुझ्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं काय पाहिजे, तर म्हणाली माशांसाठी आले. काकडी पिशवीतून आणली होती तिनं. सुरी मागितली, मी माझी दिली. पण चमचा कुठाय हे विचारलं नाही हो. सरळ खालचा खण उघडला."

तू दारात बाबांना काय म्हणालीस ते काकूंना त्यांच्या घरात ऐकू आलं नाही. बाबा काय म्हणाले ते आलं. "या, बसा. कोण पाहिजे?"

मी लिहिलं होतं, ताई. मी लिहिलं होतं, येऊ नकोस.

तू बसली नाहीस. काकडी सोललीस, बिया काढल्यास, पाणी उकळलंस. काकू म्हणाल्या, बाबा खुर्ची वळवून बघत होते. मग तू टाकीत हात घातलास, फिल्टर नीट करायला असेल, आणि टाकी जराशी हलली. तेव्हा ते एकदम बोलले. मोठ्यानं, पूर्वीच्या आवाजात. "ओ बाई, टाकी हलवायची नाही! आमच्या मोठीनं सांगून ठेवलंय."

त्यानंतर तू फार वेळ हात पाण्यातच ठेवून उभी राहिलीस, असं काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं शॉक बसला. मग हात पुसलास, काकूंना सुरी धुऊन परत दिलीस, आणि गेलीस. बाबांनी तुला दारापर्यंत सोडलं. "मोठी येईल संध्याकाळी," म्हणाले. "तिला सांगतो तुम्ही येऊन गेलात."

मी आत गेले. बाबा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते, तोंड पाण्याकडे करून. कितीतरी दिवसांनी. ढेऱ्या वाळूपर्यंत खाली जाऊन चकतीचे लचके तोडत होता. मी बाही वर केली आणि चमचा काढायला हात पुढे केला, कारण चार तास होऊन गेले होते.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मोठीनं दिलंय."

मी विचारलं, "मोठी आली होती, बाबा?"

"मग? काय सांगतोय मी? तो चमचा बघ ना."

मी खाली धावले, ताई. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, बस थांब्यापर्यंत, समोरच्या दुकानांत बघितलं. तू केव्हाच गेली होतीस. मला ते माहीत होतं, तरी धावले. परत आले तेव्हा बाबा तसेच बसले होते. त्यांनी मला विचारलं, "कोण पाहिजे?"

हे लिहिताना सकाळ झाली आहे. चकती अजून टाकीत आहे. कडा सुटून तिचे तंतू पाण्यात फिरतायत आणि काचेवर धुरकट थर चढायला लागलाय. ढेऱ्या तिच्यापासून लांब, वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबलाय. आज ती काढली नाही तर पाणी नासेल आणि तोही जाईल. हे कुणी मला शिकवायला नको.

बाबा उठले, टाकीपाशी गेले. वाकून बघितलं. "मोठीनं दिलंय," म्हणाले, आणि हसले.

मी बाही वर करून उभी आहे. माझा हात पाण्यात जात नाही, ताई. मी ही चकती काढली की तू आलीच नव्हतीस.

धाकटी